बाभळीचे चौदा काटे

अठरा वर्षं मी पांढुर्ण्याच्या आसपासची खेडी सायकलनं पालथी घातली. मी कुसुम, सरकारी दवाखान्यातली नर्स. कुठं बाळंतपण, कुठं लसीची पेटी. जिथं मोटार जात नाही तिथंही माझी सायकल जायची. तरी चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत मला ऐकवण्यात आलं, की रस्ता दाखवायला पुरुषमाणूसच पाहिजे. आजही आठवलं की डोकं तापतं.

मुलींच्या शाळेची सायकल सहल जामसांवलीला न्यायची, ही कल्पना माझी. मी बौद्ध, तिथल्या देवळातल्या मारुतीशी माझं काही देणंघेणं नव्हतं. पण तिथवरचा रस्ता माझ्याइतका कुणालाच ठाऊक नव्हता. मोठ्या बाई वत्सलाबाईंच्या मी महिनाभर मागे लागले. शेवटी त्या तयार झाल्या, पण बजावूनच: काही कमीजास्त झालं तर मुलींच्या सायकली पुन्हा फाटकाबाहेर पडणार नाहीत. आणि पुढे कोण? कवायतीचे मोरेश्वर सर. तेही लूना मोपेडवर! मी मागे, हवेचा पंप आणि पंक्चरचं सामान घेऊन.

निघताना मी म्हटलं, "सर, पुष्पाले पुढं ठेवा. तिच्या चालीनं साऱ्या चालतीन."

पुष्पा सातवीतली. बापाची मोठी सायकल दांड्याखालून पाय घालून, कैची मारत चालवायची. सगळ्यांत हळू तीच. हळू चालणारी पुढे असली की मागे कुणी सुटत नाही, एवढं साधं गणित.

सर हसले. "नर्सबाई, तुमी इंजेक्शनं देजा. ट्रिप मी पाहून राहिलो ना!"

मुलींसमोर तमाशा नको म्हणून मी गप्प बसले. बसायला नको होतं.

अर्ध्या वाटेवर सरांनी डांबरी रस्ता सोडून शेतांमधली बैलगाडीची पांदण धरली. जवळची वाट म्हणे! जानेवारीत संत्र्याच्या बागांना कुंपण करायला लोक बाभळीच्या फांद्या बैलगाडीला बांधून याच पांदणीनं ओढत नेतात, हे शेंबडं पोरही सांगेल. मी घसा फोडून ओरडले, "सर, काटे आहेत! मागं फिरा!" लूनाच्या फटफटीत त्यांना काय ऐकू जाणार? आणि मुली बिचाऱ्या सरांच्या मागे.

नऊ सायकली पंक्चर झाल्या. लूनाच्या जाड टायरांना काही झालं नाही; सर दिसेनासे झाले होते.

बागेच्या पाटात एकेक ट्यूब बुडवून मी भोकं शोधली, घासली, ठिगळं चिकटवली. पुष्पा पंप मारत होती. निघालेला काटा पुन्हा कुणाच्या पायात जाऊ नये म्हणून मी तो कापसाच्या डबीत टाकत होते. मग पुष्पाला पुढे घातलं आणि सगळ्यांना डांबरीवर आणलं. जामसांवलीला पोचलो तेव्हा सर चहा पिऊन झाडाखाली लवंडले होते. परत येतानाही मी पुष्पालाच पुढे ठेवलं. सर लूनावरून केव्हाच निघून गेले होते.

पंक्चरचं कानावर गेलं आणि दुसऱ्या दिवशी वत्सलाबाईंनी मला शाळेत बोलावलं. सर आधीच तिथं हजर.

"मॅडम, आमी डांबरीनंच गेलो," सर बिनदिक्कत सांगत होते. "बाईनं सायकली तपासल्याच नाही. पोरींचं हे काम नोहे. बंद करून टाका."

मुलींना साक्षीला बोलावलं असतं तर सरांच्या धाकानं त्यांनी माना खाली घातल्या असत्या, आणि सायकली कायमच्या घरात गेल्या असत्या. मी पिशवीतून डबी काढली आणि टेबलावर उपडी केली.

"मोजा सर. चौदा आहेत. डांबरावर बाभूळ पिकून राहिली काय?"

सरांनी मोजले नाहीत. वत्सलाबाईंनी मोजले, पेन्सिलीच्या टोकानं, एकेक बाजूला सारत.

"पुढच्या ट्रिपले पुढं कोण राहीन, कुसुमबाई?" त्यांनी विचारलं.

"पुष्पा. अन् तिच्या बाजूनं मी."

"अन् सर?"

मी पिशवीतला पंप काढला आणि सरांच्या पुढ्यात ठेवला.