साडेपाचला उठणारी बाई

पुलांचे आराखडे करणाऱ्या त्या कार्यालयात तिने तपासलेल्या आराखड्यात बारा वर्षांत एकदाही चूक सापडली नव्हती. ती मात्र संध्याकाळी साडेपाचला खुर्चीतून उठताना रोज सापडायची.

"निघालात?" साहेब तिच्या पर्सकडे बघत विचारायचे. आवाजात असा काही कळवळा, की जणू ती पूल अर्धवट सोडून पळाली.

घरी पाच वर्षांची लेक आणि गुडघ्यांनी बेजार झालेल्या सासूबाई. नवरा दुसऱ्या एका कार्यालयात, आपले साहेब कधी उठतात याची वाट बघत बसलेला. त्यालाही बढती हवी होती.

तिच्या मागून आलेला एकजण शेजारच्या विभागाचा प्रमुखसुद्धा झाला. दुपारी चारपर्यंत त्याचा चहाच चालायचा, पण उशिरापर्यंत टेबलावरचा दिवा जळायचा. सगळे त्याला मुक्कामी म्हणत.

"दिवसभरात ज्याचं काम उरकत नाही त्याला बढती?" सासूबाई म्हणाल्या. "आमच्या वेळी अशाला आळशी म्हणायचे."

मग एक दिवस संचालकांना प्रश्न पडला: आपल्याकडे वरच्या जागांवर बायका का दिसत नाहीत? साहेबांनी तो प्रश्न तिच्या गळ्यात घातला. बायकांचा विषय, बाईच बघतील.

तिने जुनी दप्तरं उपसली. दहा वर्षांत अकराजणी सोडून गेल्या होत्या, आणि एकीच्याही कामावर ठपका नव्हता. उलट, दुरुस्तीला परत आलेले बहुतेक आराखडे संध्याकाळी सातनंतर हातावेगळे केलेले होते. तिने अहवाल लिहिला आणि तोही साडेपाचच्या आत पुरा केला.

"फर्मास!" साहेब खूश झाले. "परवा संचालकांपुढे मांडा. साडेसातला."

"सकाळी?"

"संध्याकाळी हो! दिवसा लोकांना कामं असतात."

तिने नवऱ्याला फोन केला. "परवा? नेमके परवाच आमचे साहेब उशिरापर्यंत बसणार आहेत," तो म्हणाला.

"तू जा गं," सासूबाई म्हणाल्या. "पोर काय मला खाणार आहे?"

ती गेली. उशिरा बसण्याच्या चढाओढीत बायका कशा गळतात, हे तिने पुराव्यानिशी सांगितलं. एका संचालकांनी जांभई दाबली. मुख्य संचालक मात्र भारावले.

"पटलं, अगदी पटलं! आणि बघा, पावणेनऊ झाले तरी बाईंचा उत्साह कायम. अशीच माणसं वर यायला हवीत."

तिला हसावं की रडावं कळेना. आठवड्याभरात तिच्या विभागाच्या प्रमुखाची रिकामी जागा तिला मिळाली, सहा महिन्यांच्या बोलीवर.

पहिल्याच दिवशी साडेपाचला तिने पर्स उचलली. विभागात कुणी हललं नाही. कोपऱ्यातली नवी मुलगी रिकाम्या कागदावर पट्टी सरकवत होती.

"काम झालं ना तुझं? मग जा घरी."

मुलगी घाबरली. "मॅडम, परीक्षा घेताय का माझी?"

"नाही गं बाई."

"मग काही चुकलं का?"

शेवटी तिने स्वतः मुलीचा दिवा मालवला, तिला हाताला धरून जिन्यापर्यंत आणलं. मागून बाकीचेही एकेक करून उठले, आधी माना वळवून साहेबांच्या दाराकडे बघत. महिनाभराने ते बघणं थांबलं. आराखडे दुरुस्तीला परत येणंही जवळजवळ थांबलं.

सहा महिन्यांनी तिला कायम केल्याच्या पत्राचा मसुदा आला. 'वेळकाळ न पाहता केलेल्या अथक परिश्रमांबद्दल' तिची निवड झाली होती. मुक्कामीच्या पत्रातही हेच वाक्य होतं. छापील नमुनाच तो.

तिने लाल पेन्सिल घेतली, 'न पाहता' खोडलं, वर 'पाहून' लिहिलं आणि मसुदा परत पाठवला.

दुसऱ्या दिवशी पत्र सहीशिक्क्यासह आलं, तिच्या दुरुस्तीसकट. साहेबांनी सही केली होती, संचालकांनीही. वाचलं कुणीच नव्हतं.