बत्तीस वाट्यांतलं उरलेलं

गेली एकोणीस वर्षं मी लेकरांची वजनं करते. मुखेड तालुक्यातल्या आमच्या गावात माझी अंगणवाडी आहे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बत्तीस लेकरं एकामागून एक काट्यावर उभी करायची आणि प्रत्येकाचा आकडा मोबाइलमध्ये भरायचा. एखाद्याचं वजन दोनशे ग्रॅमनं वाढलं की मी दिवसभर खुशीत असते. स्वतः मात्र त्या काट्यावर कधी पाय ठेवला नाही. काटा सरकारी आहे, उगाच मोडायला नको, असं मी मदतनीस केवळाबाईला सांगायचे आणि ती तोंड फिरवून हसायची.

नांदेडच्या दवाखान्यातल्या काट्याला माझी भीड नव्हती. त्यानं एकशे सव्वीस किलो दाखवले. उंची पाच फूट एक इंच, वय चव्वेचाळीस, आणि सकाळ-संध्याकाळ मिळून सत्तर युनिट इन्सुलिन. उजव्या पायाच्या अंगठ्याची जखम तीन महिन्यांनी कशीबशी भरली होती. माझ्या वडिलांचा डावा पाय याच साखरेनं गुडघ्याखालून गेला. मला भाऊ नाही, म्हणून ते, केरबा आबा, आमच्याकडेच राहतात. सकाळी त्यांची कुबडी भिंतीला टेकलेली दिसली की माझा नवरा आनंदराज माझ्या अंगठ्याकडे बघायचा आणि मी पाय साडीत ओढून घ्यायचे. आनंदराज एसटीत कंडक्टर आहे. जास्त बोलत नाही, पण एकदा मनात घेतलं की सोडत नाही. त्यानंच मला वजनाच्या ऑपरेशनसाठी तिथं नेलं.

डॉक्टर शिवानी वयानं माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असेल. तिनं कागदावर दोन चित्रं काढली. पहिल्या ऑपरेशनला स्लीव्ह म्हणतात. त्यात जठराचा तीन चतुर्थांश भाग उभा कापून बाहेर काढतात आणि आत केळ्याएवढी नळी उरते. दुसरं बायपास. त्यात जठराच्या वरच्या टोकाला लिंबाएवढी पिशवी वेगळी करून आतडं वर आणून तिला जोडतात, म्हणजे अन्न जुन्या वाटेनं न जाता नव्या वाटेनं खाली उतरतं. मग तिनं मोबाइलवर एका ऑपरेशनचं चित्रीकरण दाखवलं. पोटाच्या आत अंधार आणि घाण असेल असं मला उगाचच वाटत आलं होतं. तिथं तर सगळं स्वच्छ, ओलं, पिकल्या पेरूच्या आतल्या रंगाचं होतं. आतडं आपलं आपण हळूहळू हलत होतं, कोणी सांगितलेलं नसताना. असलं पंधरा-वीस फूट माझ्याही पोटात आहे आणि मी झोपल्यावरही ते काम करतं, हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. चव्वेचाळीस वर्षं मी या पोटाला नुसत्या शिव्या घातल्या होत्या.

मला स्लीव्ह हवं होतं. लातूरच्या माझ्या नणंदेनं, ऋतुजानं, तेच केलं होतं आणि आता ती माझ्या थोरल्या मुलीची बहीण शोभते. शिवाय बायपासनंतर गोड खाल्लं की छाती धडधडते, घाम फुटतो, असं डॉक्टरनं सांगितलं. माझ्या नोकरीत लेकरांना वाढण्याआधी प्रत्येक पदार्थाची चव मी घ्यायची असते, आणि आठवड्यातून दोनदा गुळाची लापशी असते. डॉक्टरचं म्हणणं होतं की साखरेसाठी बायपास जास्त उपयोगी, पण मला गोडाची ओढ नसेल, छातीत जळजळ नसेल, तर स्लीव्हचाही विचार करता येईल. तिनं दोन्ही विचारलं. मी दोन्हीला नाही म्हणाले. मग आठवडाभर जे जे पोटात जाईल ते वहीत लिहून आणायला सांगितलं.

वही मी अगदी नेटकी लिहिली. सकाळी एक भाकर, बिनसाखरेचा चहा. दुपारी दीड भाकर, वरण. रात्री एक भाकर. डॉक्टरनं पानं उलटली आणि शांतपणे म्हणाली, "ताई, एवढ्यावर एवढं वजन राहत नाही." मला असा राग आला की काय सांगू. एकोणीस वर्षं मी नोंदी करते. वरून तपासणीला येणाऱ्या बाईनं कधी माझ्या रजिस्टरवर लाल शाई मारली नाही आणि ही कालची पोरगी मला खोटी ठरवते. दवाखान्याच्या पायऱ्या मी धापा टाकत उतरले. आनंदराजनं हात पुढं केला तर तोही घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी तिचं तोंड बंद करायचं म्हणून मी अंगणवाडीत एक रिकामं पातेलं घेतलं. इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी मी कोणालाच सांगितलेली नव्हती. लेकरं जेवून उठली की वाट्यांत थोडंथोडं उरतं. कोणाच्या दोन घास खिचडी, कोणाच्या चमचाभर लापशी. केवळाबाई लेकरांचे हात धुवायला त्यांना नळावर नेते, तेवढ्यात मी वाट्या गोळा करून मागच्या खोलीत जाते आणि ते संपवते. उभ्यानं, भिंतीकडे तोंड करून. याला मी खाणं कधी समजलेच नाही. ते फक्त टाकून न देणं होतं.

आमच्या घरात दोन नियम आहेत आणि दोन्ही आबा पाळायला लावतात. बहात्तरच्या दुष्काळात आबा खडी फोडायला जायचे आणि मजुरांना खायला मिळणारी सुकडी फडक्यात बांधून घरी आणायचे. फडकं झटकलं की खाली पडलेले कणही वेचून खायचे. तेव्हापासून आमच्या घरात अन्न टाकत नाहीत. दुसरा नियम त्याच्या आधीचा. माझे आजोबा गावकीची कामं करायचे आणि त्याबदली घरोघर फिरून टोपलीत शिळी भाकर मागून आणायचे. छप्पन साली धम्म घेतला त्या दिवशी त्यांनी ती टोपली चुलीत घातली. तेव्हापासून आमच्या घरात कोणाचं उरलेलं, उष्टं खात नाहीत. आबा हे सांगताना आजही ताठ बसतात. अन्न टाकायचं नाही आणि उरलेलं खायचं नाही. मी पहिला नियम पाळायला रोज दुसरा मोडत होते, भिंतीकडे तोंड करून. मग ते वहीत कसं उतरणार? लिहायला शब्दच नव्हता.

त्या दिवशी मी सगळ्या वाट्या पातेल्यात उलटल्या. लापशीचा दिवस होता. पातेलं काट्यावर ठेवलं, पातेल्याचं वजन वजा केलं. एक किलो चारशे ग्रॅम.

मी पुन्हा मोजलं. मग सगळ्यात छोट्या लेकराला काट्यावर उभं करून काटा बरोबर आहे का ते पाहिलं. बरोबर होता. गेल्या वर्षी आमच्याकडे एक पोर जन्मलं तेव्हा एवढंच होतं, एक किलो चारशे. त्याला जगवायला मी आणि त्याची आई दोन महिने रात्रंदिवस झटलो होतो. तेवढं वजन मी रोज दुपारी दहा मिनिटांत पोटात घालत होते आणि वर त्या नेटक्या वहीवरून डॉक्टरशी भांडत होते. मला रडू आलं नाही. एवढं अन्न, इतकी वर्षं, या एका शरीरानं झेललं, साठवलं, वाहिलं आणि तरी मला अंगणवाडीत चालवत नेलं. या पोटाची मला पहिल्यांदा कदर वाटली.

पुढच्या खेपेला मी डॉक्टरला सगळं सांगितलं. आनंदराज शेजारीच बसला होता. एकदा तोंड उघडल्यावर मग जळजळीचंही सांगितलं, की दहा वर्षं मी तीन उशा लावून झोपते आणि आंबट घशाशी आलं की खायचा सोडा पाण्यातून घेते. हे सगळ्यांनाच होतं असं मला वाटायचं. आनंदराज खाली बघत होता. त्याला वाटायचं मला उंच उशा आवडतात.

डॉक्टरनं मला एकही बोल लावला नाही. घशातून दुर्बीण घालून तपासलं आणि पडद्यावर अन्ननळीच्या खालच्या टोकाला लाल चट्टे दाखवले. मग आधीची चित्रं पुढं ओढून तिनं पुन्हा समजावलं. स्लीव्ह केलं तर अरुंद नळीतला दाब वाढून हे आंबट आणखी वर येऊ शकतं. शिवाय घासघास गोड असं पोटात जात राहिलं तर ते त्या नळीतून सहज उतरतं. बायपासमध्ये जळजळ कमी होते आणि साखरेलाही तेच बरं. पण जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतील, लोह, कॅल्शियम, बी-ट्वेल्व्ह, आणि त्यात टाळाटाळ चालणार नाही. दोन्हींत धोका आहे आणि शेवटी निर्णय माझा, असंही तिनं सांगितलं.

मी तिला एकच विचारलं. स्लीव्हमध्ये कापलेल्या जठराचं काय करतात?

"बाहेर काढतो. तपासायला पाठवतो, मग नष्ट करतात."

"आणि बायपासमध्ये?"

"जठराची उरलेली मोठी पिशवी जागेवरच राहते. तिच्यात अन्न जात नाही, पण ती जिवंत असते. रस तयार करत राहते आणि तो खाली अन्नाला जाऊन मिळतो."

मी चित्रातल्या त्या मोठ्या पिशवीवर बोट ठेवलं. अन्नाचा एक कण येणार नाही हे ठाऊक नसताना ती पिशवी जन्मभर आपलं काम करत राहणार. टाकायचं काहीच नाही. मी बायपास म्हणाले. डॉक्टर हसली. म्हणाली की तिची कारणं वेगळी आहेत, पण आपण दोघी एकाच ठिकाणी पोचलो हे बरं झालं. घरी फोनवर ऋतुजा आठ दिवस रुसली, कारण तिला वाटलं मी तिच्या ऑपरेशनला नावं ठेवली. तिला जळजळ नव्हती, तिचं तिला बरोबर होतं, हे तिच्या गळी उतरवता उतरवता माझा घसा बसला.

ऑपरेशन झालं. पोटावर पाच छोटे चिरे, बोटाच्या नखाएवढे. तिसऱ्या दिवशी सकाळी नर्सनं बोट टोचलं आणि साखरेचा आकडा वाचला, एकशे एकतीस. मी म्हटलं, इन्सुलिन किती दिलं? ती म्हणाली, कालपासून दिलंच नाही. माझा विश्वास बसेना. वजन तर अजून जेमतेम दोन किलो उतरलं होतं. डॉक्टर आल्यावर मी विचारलं, की हे कसं. तिनं सांगितलं, एक तर पोटात अजून जातंय कितीसं. पण तेवढंच कारण नाही. अन्नाची वाट बदलली की आतडं शरीराला वेगळे निरोप धाडतं आणि साखर वजनाच्या आधीच खाली येऊ लागते. सगळ्यांचं इतकं लवकर होत नाही, आणि हे नेमकं कसं घडतं ते पूर्ण आम्हालाही कळलेलं नाही. शिकलेल्या माणसानं इतक्या सरळपणे कळलं नाही म्हणावं, याचंही मला नवल वाटलं. आनंदराजनं तो आकडा तिकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून खिशात ठेवला. ते तिकीट अजून त्याच्या खिशात आहे.

दोन महिन्यांनी मी कामावर गेले. आता लापशीची चव केवळाबाई घेते आणि रजिस्टरवर तिचा अंगठा असतो. मी वाट्या निम्म्याच भरते. पूर्वी मी बहात्तर सालची भूक मनात धरून त्या तीन-चार वर्षांच्या लेकरांना वाढत होते, म्हणून उरत होतं. आता लेकरं वाटी पुढं करून आणखी मागतात. परवा उरलेलं काट्यावर ठेवलं तर नव्वद ग्रॅम भरलं. मी ते कोंबड्यांना टाकलं आणि त्या वेचून संपवेपर्यंत तिथंच उभी राहिले.

घरी मात्र आबा होते. त्यांना ऑपरेशनचं सांगितलं होतं, वाट्यांचं नाही. एका दुपारी आम्ही दोघंच जेवायला बसलो. मी अर्धी भाकर घेतली होती. चार घास चावून चावून खाल्ले आणि पोटानं आतून बस म्हटलं, अगदी स्पष्ट. एवढ्या वर्षांत ते कधी बोललं असेल तर मी ऐकलं नव्हतं. ताटात चतकोर उरली. आबा बघत होते. मी तो तुकडा उचलला, पुन्हा ठेवला, पुन्हा उचलला. आणि मग मला राहवलं नाही. मी त्यांना सगळं सांगून टाकलं, मागची खोली, भिंत, बत्तीस वाट्या, एक किलो चारशे.

आबांनी हातातला घास ताटात ठेवला. मला वाटलं, आता आजोबांच्या टोपलीचं नाव निघणार. मी मान खाली घातली.

"बाई," ते म्हणाले, "आपल्याला भूक व्हती तवा अन्न दुसऱ्याचं व्हतं. ठिवायचं का टाकायचं, ते आपल्या हातात नव्हतं."

मग त्यांनी माझ्या हातातला तुकडा काढून घेतला आणि ताटात ठेवला.

"ही भाकर तुझ्या घरची हाय. आपल्या घरचं माणसाला ठिवता येतं. राहू दे."

ज्या माणसानं फडक्यातले कण वेचले होते, त्यानं माझ्या ताटावर दुसरं ताट झाकलं. आबांचं जेवण होईपर्यंत मी त्यांच्याजवळ बसले. मग उठले, हात धुतले आणि त्यांची कुबडी त्यांच्या हातात दिली.