नम्रताच्या हातचा बोर्ड

चिंचपोकळीच्या वर्कशॉपमध्ये धम्मपालच्या हाताखालच्या सहाजणी स्विचबोर्डांचं वायरिंग आधीच करून साइटवर पाठवत. परळच्या टॉवरमध्ये त्यातला एक बोर्ड सैल वायरीमुळे पेटला आणि तिथल्या वायरमनचा हात कायमचा गेला.

जळका बोर्ड टेबलावर ठेवत वर्कशॉपचे मालक अच्युतसाहेब धम्मपालला म्हणाले, "कुणाच्या हातचा? बोला, नाहीतर रिपोर्टात तुमचंच नाव लिहितो."

उरलेल्या वायरी डावीकडे वळवलेल्या होत्या. डावखुरी एकटी नम्रता. धम्मपालने ते बघताक्षणी ओळखलं. त्याला हेही आठवलं, की "वायर ओढून तपासत बसू नका गं, संध्याकाळपर्यंत साठ हवेत," असं हे बोर्ड बनवताना तोच ओरडला होता.

"नम्रता," तो म्हणाला. कातडी वाचवायला माणसाला एवढा एक शब्द पुरतो.

साहेबांनी तिला तिथल्या तिथे कामावरून काढलं. नम्रताने डबा पिशवीत टाकला. "दादा, तुम्हीच सांगितलं होतं ना?"

धम्मपाल मोबाइलमध्ये काहीतरी शोधू लागला. ती गेली.

दुसऱ्या दिवशी तो नेहमीच्याच आवाजात म्हणाला, "चला, आज साठ!"

पाचजणींतल्या एकीनेही स्क्रू-ड्रायव्हर उचलला नाही. सगळ्यांत मोठ्या कौसल्यामावशींनी त्याच्यापुढे वही सरकवली.

"साठ हवेत, तपासू नका, हे आधी इथे लिहून द्या. खाली सही."