बुडाशी करपलेल्या कुकरची कैफियत

मित्रांनो, मी एक जुना विजेचा कुकर आहे, आणि तुमच्यापुढे तोंड दाखवायचीही मला लाज वाटते. झाकण अजून चकचकीत आहे, दांडेही शाबूत आहेत. पण मला उलटा करून पाहिलंत तर बूड काळंकुट्ट करपलेलं दिसेल. ते आठ महिने मी लपवून ठेवलं होतं. त्याचीच ही गोष्ट आहे.

माझा जन्म तैवानमधल्या एका कारखान्यात झाला. आमच्या जातीचं काम अगदी सोपं. बाहेरच्या भांड्यात वाटीभर पाणी, आतल्या डब्यात तांदूळ, वर झाकण, आणि खटका खाली. पाणी आटलं की खटका आपोआप ‘टक्’ करून वर उडतो. मग समजायचं की भात झाला. आमच्याकडे मूल शिकायला घराबाहेर पडलं की आई त्याच्या सामानात एक कुकर ठेवतेच. मला श्योलानबाईंनी घेतलं तेही असंच. त्या चायी गावात सकाळच्या न्याहारीचं दुकान चालवतात. सोयाबीनचं दूध आणि अंड्याची धिरडी ही त्यांची खासियत. नवरा लवकर गेला. एकुलती एक मुलगी पेइशान कॉलेजसाठी राजधानीत निघाली तेव्हा त्यांनी मला तिच्या हाती दिलं.

वसतिगृहात स्वयंपाकाला बंदी होती. पेइशान मला कपड्यांच्या कपाटात लपवायची आणि दार किलकिलं ठेवून माझ्यात नूडल्स, अंडी, रताळी शिजवायची. परीक्षेच्या दिवसांत चार-चार मुली वाट्या घेऊन माझ्याभोवती बसायच्या. एकदा देखरेखीच्या बाई आल्या, वास घेतला, आणि स्वतःच एक अंडं उचलून गेल्या. तेव्हापासून मला माझा फार अभिमान वाटू लागला. माझ्याशिवाय या मुलीचं पान हलत नाही असं मी समजू लागलो.

नंतर नोकरी लागली आणि मी माळ्यावर गेलो. चार वर्षं धूळ खात पडलो. मग पेइशानने नोकरी सोडली आणि आठ महिन्यांच्या प्रवासाचा बेत आखला. व्हिएतनामपासून सुरुवात करून खाली इंडोनेशियापर्यंत, बसने, बोटीने, स्वस्तात स्वस्त खोलीत राहून जायचं होतं. सर्वांत स्वस्त विमानात फक्त सात किलोची पिशवी फुकट नेता येते. म्हणून आदल्या दिवशी दुकान बंद झाल्यावर मायलेकी पिठाचा काटा घेऊन बसल्या आणि एकेक यंत्र त्यावर चढू लागलं.

केस वाळवायचं यंत्र पहिल्याच फेरीत बाद झालं. पुस्तकं वाचायची पाटी हलकी होती, ती राहिली. फोन आणि तो भरायची बॅटरी यांबद्दल वादच नव्हता. लॅपटॉपचं काय करायचं यावर पेइशान बराच वेळ अडली आणि शेवटी तिने तो स्वतःच बाजूला ठेवला. मग तिने कॅमेरा काट्यावर ठेवला. जुन्या बाजारातून घेतलेला, पण तिच्या जिवाभावाचा. तो घेऊन पिशवीचे सात किलो जेमतेम भरत होते. तेवढ्यात श्योलानबाई मला माळ्यावरून पुसून घेऊन आल्या.

“आई, हा दीड किलो आहे गं,” पेइशान म्हणाली.

“आणि तुझं पोट किती किलोचं आहे?” आई म्हणाली. “फोटो काय, फोन पण काढतो. फोन भात शिजवतो का?”

पेइशानने आईच्या तोंडाकडे पाहिलं. पोरगी आठ महिने दूर जाणार म्हणून त्या बाईचा जीव कासावीस झाला होता, आणि पोरीच्या हातात देण्यासारखी एवढी एकच वस्तू तिच्यापाशी होती. पेइशानने कॅमेरा उचलून कपाटात ठेवला. मला खरं तर वाईट वाटायला हवं होतं. पण मी मनात म्हणालो, बघ, कसं हरवलं तुला. आज ते आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

निघताना आईने माझ्या पोटात मक्याच्या कुरकुऱ्यांचा एक हिरवा पुडा ठेवला. आमच्याकडे यंत्रांनी शहाण्यासारखं वागावं म्हणून त्यांच्यापाशी असा पुडा ठेवतात. बँकेतसुद्धा ठेवतात. तो हिरवाच हवा आणि कुणी फोडायचा नाही. पेइशानला हनोईहून निघालेल्या बसमध्ये भूक लागली. तिने तो फोडला आणि शेवटचा कण बोटाने टिपून खाल्ला.

तिसऱ्या दिवशी ह्वे शहरात एका छोट्या लॉजवर तिने मला बाहेर काढलं. तांदूळ धुतले, वाटीभर पाणी घातलं. तिथल्या भिंतीतल्या भोकांत माझ्या वायरीच्या टोकाच्या दोन चपट्या पट्ट्या अगदी घरच्यासारख्या बसल्या. म्हणून तिला काही शंकाच आली नाही. आमच्या बेटावर वीज एकशे दहा व्होल्टची असते. तिथे ती दुप्पट होती. खटका खाली गेला आणि माझ्या अंगात जे शिरलं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. धूर निघाला, ठिणगी उडाली, आणि साऱ्या लॉजची वीज गेली. मालकीणबाई धावत वर आल्या. त्यांनी मला फडक्याने धरून उलटं केलं आणि बुडावरचा आकडा बोटाने दाखवला. एकशे दहा. माझ्याच बुडावर लिहिलेलं होतं, मित्रांनो. जन्मभर मी तो आकडा अंगावर मिरवला आणि वेळेला माझा काडीचा उपयोग झाला नाही.

पेइशान मात्र पुटपुटत होती, “पुडा खाल्ला म्हणून झालं.” आकडा डोळ्यांनी पाहूनही तिला तेच खरं वाटत होतं. म्हणजे चूक डोक्याची नव्हे, तर आईने दिलेला पुडा तीन दिवससुद्धा न सांभाळणाऱ्या जिभेची. आईला हे कोणत्या तोंडाने सांगणार?

रविवारी आईचा फोन आला. जेवलीस का, कुकर नीट चालतो का, हेच दोन प्रश्न. पेइशान म्हणाली, हो, मस्त चालतो. मग कोपऱ्यावरच्या टपरीतून तांदळाची पेज आणून तिने माझ्या आतल्या डब्यात ओतली आणि फोटो पाठवला. डबा धडधाकट होता ना! अशा रीतीने मी त्या खोटेपणात सामील झालो. पुढे दर रविवारी हेच. लाओसमध्ये चिकट भात, थायलंडमध्ये नारळाची खीर, सगळं विकतचं आणि सगळं माझ्या नावावर.

बरं, मला टाकून तरी द्यावं! तिने एकदा प्रयत्न केला. लुआंग प्रबांगला मला खोलीतल्या बाकाखाली ठेवून ती बसथांब्यावर गेली. लॉजचा माणूस स्कूटरवरून मला घेऊन तिच्या मागे आला आणि हसत हसत हाती देऊन गेला. त्यानंतर तिने तो नाद सोडला. चढावर तिचे खांदे सोलवटायचे. बोटीतून एखादा सुंदर डोंगर दिसला की हात सवयीने गळ्याशी कॅमेरा शोधायला जायचा. आणि मी, काही न शिजवणारा, पिशवीच्या तळाशी निवांत बसलेलो. फुकटचं ओझं होणं काय असतं ते मी तेव्हा शिकलो.

आठ महिन्यांनी आम्ही चायीला परतलो. पिशवी दुकानाच्या कोपऱ्यात टेकवली होती, त्यामुळे पुढचं सगळं मला ऐकू आलं. श्योलानबाईंच्या शेजारी आमान मावशींचं केस धुऊन देण्याचं दुकान आहे. दोघींची तीस वर्षांची मैत्री. एकीने दूध पाजायचं, दुसरीने डोकं चोळून द्यायचं. आमान मावशींची मुलगी लिंगयू गुरुवारी त्याच देशांत वर्षभराच्या प्रवासाला निघणार होती. ती चित्रं काढायची. ज्या विजेच्या पाटीवर ती चित्रं काढायची तिच्याच कमाईवर वाटखर्च भागवणार होती. श्योलानबाईंनी तिच्यासाठी अगदी माझ्यासारखा नवाकोरा कुकर आणला होता, लाल फीत बांधून.

“आमच्या पेइशानला आठ महिने यानेच जगवलं,” त्या सांगत होत्या. “विचार तिलाच.”

सगळ्यांनी पेइशानकडे पाहिलं. ती म्हणाली, “हो.”

लिंगयूची पिशवीही सात किलोचीच होती. श्योलानबाईंचा मान राखायचा म्हणून तिने चित्रांची पाटी बाहेर काढली आणि कुकर आत ठेवला. मी कोपऱ्यात गुदमरत होतो. खांद्यावर मारून तरी सांगावं असं वाटत होतं, पण मला ना हात ना जीभ.

पेइशानला जीभ होती, पण ती अर्धीच उचलली. दाराबाहेर तिने लिंगयूला गाठलं. कुकर नेऊ नकोस, तिकडच्या विजेवर जळतो, पण आईला यातलं काही कळू देऊ नकोस, असं सांगितलं. लिंगयूने शब्द पाळला. गुरुवारी ती पाटी घेऊन गेली. घरीही तिने फक्त ‘मावला नाही’ एवढंच सांगितलं.

पुढच्या आठवड्यात श्योलानबाई डोकं धुवायला गेल्या आणि त्यांना खुर्चीखाली लाल फितीचा खोका दिसला. त्या तशाच ओल्या केसांनी घरी आल्या. आमान मावशी मागोमाग आल्या, पोरगी म्हणाली मावला नाही म्हणून, असं सांगू लागल्या. पण यांनी ऐकूनच घेतलं नाही. माझी वस्तू तुमच्या पोरीला हलकी वाटली, एवढंच त्या बोलल्या. त्यानंतर आमान मावशी दुधाला येईनाशा झाल्या आणि श्योलानबाई घरीच, वाकून, नळाखाली केस धुवू लागल्या. पाठ दुखायची, पण हट्ट सोडला नाही. पेइशान हे रोज पाहायची आणि मान खाली घालून धिरडी उलटायची.

पंधराव्या दिवशी तिला ते सहन झालं नाही. दुकान आवरल्यावर तिने मला पलंगाखालून काढलं, पीठ मळायच्या टेबलावर आईपुढे उलटं ठेवलं आणि सगळं सांगितलं. ह्वेपासून लिंगयूपर्यंत. पुडा खाल्ल्याचंही सांगितलं.

श्योलानबाई माझ्या बुडावरून बोट फिरवत राहिल्या. बोट काळं झालं.

“हे दीड किलो आठ महिने पाठीवर वागवलंस,” त्या म्हणाल्या, “आणि मला दोन शब्द सांगणं जड गेलं?”

पेइशान रडू लागली. श्योलानबाईंनी तिची समजूत घातली नाही. त्यांनी मला काखोटीला मारलं आणि शेजारी निघाल्या. आमान मावशींच्या दुकानात तीन गिऱ्हाइकं डोक्याला फेस लावून बसली होती. त्या सगळ्यांसमोर त्यांनी मला उलटं ठेवलं. मला वाटलं, आता फुटून जावं.

“आमान, तुझी पोरगी शहाणी निघाली,” श्योलानबाई म्हणाल्या. “चूक माझी. मी ऐकून घेतलं नाही.”

आमान मावशींनी माझ्याकडे पाहिलं, मग मैत्रिणीच्या केसांकडे. “बस इथे,” त्या म्हणाल्या. “पंधरा दिवसांचा तेलकटपणा आहे, दोनदा धुवावे लागतील.”

पेइशान दारातच उभी होती. आईने डोळे मिटूनच तिला आत बोलावलं आणि सांगितलं, “आता तूच सांग सगळ्यांना. पहिल्यापासून.” तिने सांगितलं. लिंगयूला आपणच गप्प बसवलं, हेसुद्धा.

मित्रांनो, आता माझ्यात काही शिजत नाही. लांबच्या प्रवासाला निघालेलं गल्लीतलं पोर आलं की श्योलानबाई मला उलटा करून दाखवतात. दर वेळी मी लाजेने अर्धमेला होतो. तुम्ही सामान भराल तेव्हा यंत्र हलकं की जड एवढंच पाहू नका, त्याच्या बुडावर काय लिहिलंय तेही वाचा. आणि वाटेत ते जळालं, तर त्याच दिवशी घरी फोन करून जळालं म्हणून सांगा. आई रागावेल. पण तिच्या रागाचं वजन तुम्हाला आठ महिने उचलावं लागणार नाही.