औषध लागू पडलं

बाईंनी आयुष्यभर शाळेत भूमिती शिकवली. निवृत्त झाल्यावरही शेजारी, दुकानदार, झाडून सगळे त्यांना बाईच म्हणत. फळ्यावर नुसत्या हाताने गोल गरगरीत वर्तुळ काढणाऱ्या या बाईंना एके दिवशी बँकेतून घरी यायचा रस्ता सापडेना, तेव्हा त्यांची लेक त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश असल्याचं सांगितलं.

लेक एका प्रयोगशाळेत उंदरांच्या मेंदूवर काम करायची. सकाळी गेली की संध्याकाळीच परत. आईला एकटं ठेवायची सोय उरली नाही, तेव्हा मन घट्ट करून तिने बाबांना फोन लावला.

बाबा लिफ्टची दुरुस्ती करायचे. लेक कॉलेजात असताना ते घर सोडून दुसऱ्या एकीबरोबर राहायला गेले होते. ते लग्नाशिवायचं घरही पुढे मोडलं, आणि ते एकटेच राहत होते. फोन आला तसे बॅग घेऊन आले. दारात उभ्या असलेल्या त्यांच्याकडे बाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "आज लवकर सुटलात?"

बाबांनी लेकीकडे पाहिलं. मग खाली वाकून बुटाची नाडी सोडत म्हणाले, "हो. आज काम कमी होतं."

लेकीनेही ते खोडून काढलं नाही. एवढ्यावर सगळं ठरून गेलं.

खोटं नव्हतं ते एवढंच की बाबांनी बाईंचं मनापासून केलं. त्यांचे केस विंचरले, स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चित्रं चिकटवली, रोज हात धरून कोपऱ्यावरच्या बागेत नेलं. बाई त्यांच्याकडे बघून लाजायच्या. "आपण एक दिवससुद्धा वेगळे राहिलो नाही, नाही का हो?" असं त्या विचारायच्या आणि बाबा म्हणायचे, "कशाला राहू?" लेक ते ऐकलं की उठून आत जायची. पण आई हसते आहे, मग आपण कशाला मिठाचा खडा टाकायचा, असं म्हणून ती गप्प बसायची.

मग नव्या औषधाची चाचणी सुरू झाली. लेकीची प्रयोगशाळा ज्यावर काम करत होती, त्याच धाग्यावरचं ते औषध होतं. तिने बाबांना समजावून सांगितलं, "सेरोटोनिन हे नाव तुम्ही उदासीवरच्या गोळ्यांमुळे ऐकलं असेल. ते मेंदूतल्या वेगवेगळ्या दारांवर टकटक करतं. त्या दारांना रिसेप्टर म्हणतात. त्यातलं एक दार आठवणी सांभाळणाऱ्या भागांत जास्त आहे. ते बंद ठेवलं, तर आठवणीसाठी लागणारी दुसरी रसायनं जास्त सुटतात, असं उंदरांत दिसलंय. माणसांत सगळ्यांना गुण येईलच असं नाही. पण करून बघू."

"कशाला तिला त्रास?" बाबा म्हणाले. "बरी आहे की ती. खाते, पिते, हसते."

"बाबा, ती मला कधीकधी ताई म्हणते."

बाबा नाइलाजाने तयार झाले. रोज सकाळी गोळी द्यायचं काम त्यांच्याकडे आलं, कारण लेक तोवर कामाला निघालेली असायची.

औषध लागू पडलं. बाई लेकीला नावाने हाक मारू लागल्या. बाबांनी ठोकलेल्या फळीकडे बघून म्हणाल्या, "ही काटकोनात नाही. माझ्या वर्गात असतात तर बाकावर उभं केलं असतं." लेक हसून हसून रडली. आणि एकदा जेवताना बाईंनी हातातला चमचा खाली ठेवला. बाबांच्या डोक्याकडे बराच वेळ पाहिलं.

"तुमचे केस पांढरे कधी झाले? मला एकही पांढरा होताना कसा आठवत नाही?"

"वय झालं आता," बाबा म्हणाले. त्यांचा घास तसाच हातात राहिला.

त्यानंतर बाई पुन्हा घसरल्या. लेक पुन्हा ताई झाली. औषध थकलं, असं लेकीला वाटलं. तपासणीसाठी रक्त घेतलं आणि चाचणीच्या डॉक्टरीणबाईंनी तिला बाजूला बोलावलं. "तुमच्या आईच्या रक्तात औषध नाहीच. गोळी कोण देतं?"

घरी आल्यावर लेकीने बाबांना बाल्कनीत गाठलं.

"गोळ्यांचं काय करता?"

बाबा कठड्याला धरून उभे होते. "बेसिनमध्ये टाकतो," ते म्हणाले. "ती विचारायला लागली होती गं. अजून थोडं आठवलं असतं तर सगळंच आठवलं असतं."

"म्हणून तिला बुडवायचं?"

"मी कुठे बुडवतोय? मी तिला सुखात ठेवलंय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आणि तू मोठी साळसूद आहेस? मी दारात उभा होतो तेव्हा तुझंही तोंड बंदच होतं."

लेकीला थोबाडीत बसल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवसापासून ती स्वतः गोळी देऊन मगच बाहेर पडू लागली. बाबांना मात्र तिने जा म्हटलं नाही, आणि आईला काही सांगितलंही नाही. योग्य वेळ बघू, असं ती स्वतःला सांगत राहिली.

वेळ बाईंनीच आणली. एका रविवारी दुपारी बाबा वर्तमानपत्र वाचत होते, लेक कपड्यांच्या घड्या घालत होती. बाई आतून आल्या आणि बाबांच्या समोर बसल्या.

"तुमची निळी बॅग कुठाय? ती घेऊन गेला होतात ना?"

वर्तमानपत्र खाली आलं.

"मी खिडकीत उभी होते," बाई म्हणाल्या. "तुम्ही वर पाहिलं नाहीत. नंतर मी रडले, ओरडले, शाळेत जाऊन शिकवलं, आणि एक दिवस ते सगळं संपलं. माझं मी संपवलं होतं. तुमच्यावर रागसुद्धा उरला नव्हता."

"मी चुकलो," बाबा म्हणाले. "पण आता मी किती केलं तुझं, ते तरी बघ."

"बघितलं की. तेच तर." बाईंचा आवाज चढला नाही. "गेलात, ते मी सोसलं. पण मला न विचारता तुम्ही माझ्याकडून पुन्हा प्रेम करवून घेतलंत. मी तुमचा हात धरून बागेत फिरले. मला लाज वाटतेय माझ्या हाताची."

त्या संध्याकाळी बाबा गेले. लेकीने गोळ्यांचंही सगळं आईला सांगून टाकलं, औषधाचा गुण कायमचा नाही हेही. बाईंनी ऐकून घेतलं.

"त्यांचं काय, ते तसेच," त्या म्हणाल्या. "पण तुला सगळं माहीत होतं. तू रोज माझ्यासमोर बसून जेवत होतीस."

"तू आनंदात होतीस, आई."

"होते. वेड्यासारखी. आणि तुम्ही दोघं शहाणी बघत होतात."

लेकीने त्यांचा हात धरायला हात पुढे केला. बाईंनी आपला हात मांडीवरच ठेवला.

"या औषधाचा गुण कायमचा नाही, असं म्हणालीस ना?"

"किती टिकेल, कोणालाच माहीत नाही."

"मग ऐक. मी पुन्हा विसरेन, आणि हे कुठे गेले म्हणून तुला विचारेन. तेव्हा मला खरं सांगायचं. मी रडले तरी. दर वेळी विचारलं, तर दर वेळी."

"सांगेन."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. एखाद्या मुलीने उत्तर बरोबर लिहिलंय, पण शेजारणीचं बघून, असा संशय आला की त्या वर्गात जसं बघायच्या, तसं.

"बघू," त्या म्हणाल्या, आणि उठून आपल्या खोलीत गेल्या.