मी पाण्याचा, आणि आग तेलाची

माझ्या लाल रंगावर जाऊ नका. मी अग्निशामक खरा, पण पाण्याचा. लाकूड, कागद, कापड पेटलं तर मी कामाचा. तेल आणि वीज माझ्या वाट्याची नाहीत. माझ्या पोटावर ते चित्रांसकट छापलेलं आहे.

मी दोन जावांच्या शिवणकामाच्या दुकानात, ताग्यांशेजारी टांगलेला होतो. पुढे त्यांनी मागच्या खोलीत जेवणाचे डबे करायला घेतले, तेव्हा धाकटीच्या नवऱ्याने मला उचललं. "वहिनी, आग लागली तर शेगडीपाशीच लागणार. याला तिकडे नेतो."

"तेलाला चालतो का हा?" थोरलीने विचारलं.

"आग ती आग," म्हणत त्याने मला शेगडीशेजारी टांगलं.

खरं सांगतो, मी फुशारलो. ताग्यांपाशी माझ्याकडे कोणी ढुंकून बघत नसे. इथे धाकटी मला फडक्याने पुसायची. पोटावरची अक्षरंही पुसायची, वाचायची मात्र नाही.

एका दुपारी गिऱ्हाइकाशी बोलण्यात दोघी गुंतल्या आणि कढईतलं तेल पेटलं. थोरली धावत आली. तिने पिन ओढली, नळी रोखली. मला स्वतःला आवरता येईना. तापलेल्या तेलात शिरताच पाण्याची वाफ झाली आणि पेटतं तेल उसळून तिच्या हातावर आलं.

"ताई, मागे व्हा," म्हणत धाकटीने तिला बाहेर ओढलं आणि अंगणातल्या सिलिंडरचा गॅस बंद केला. अग्निशमन दलाच्या माणसांनी आग विझवली. त्यांच्यातला एक माझं पोट वाचून म्हणाला, "तेलासाठी वेगळा मिळतो. यानेच भडका उडाला."

दवाखान्यातून आल्यावर थोरली दिराला एवढंच म्हणाली, "भाऊजी, आता आणाल तो वाचून आणा."

आता शेगडीजवळ तेलाच्या आगीचा अग्निशामक आहे, विजेच्या बोर्डापाशी कार्बन डायऑक्साइड वायूचा. मी पुन्हा ताग्यांपाशी. परवा मला भरायला आलेल्याने विचारलं, "हा टाकून द्यायचा का?"

"नको. कापडाला हाच लागतो," थोरली म्हणाली. बोलताना तिने भाजलेल्या हातावर पदर ओढून घेतला. मला हायसं वाटायला हवं होतं. उलट मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तुमच्या भिंतीवर माझा कोणी भाऊबंद असेल, तर आजच त्याच्या पोटावरचं वाचा. भलत्या आगीसमोर उभं केलंत, तर आम्हाला नाही म्हणता येत नाही.