बाबारावची खाकी पिशवी

खाप्याच्या आमच्या कोष्टीपुऱ्यात बाबाराव मलेरियावाला आला, तरी हातमाग थांबत नसत. ज्याला ताप असेल त्याने बोट पुढे करायचं, बाबारावने काचेवर थेंबभर रक्त घ्यायचं, चहा प्यायचा आणि पुढच्या घरी जायचं, असा वर्षानुवर्षांचा शिरस्ता.

मग सरकारने ठरवलं की मलेरियाचा माणूस वेगळा, लस टोचणारा वेगळा, कुटुंबनियोजनाचा वेगळा, अशी एका दारात तिघांची वरात नको. एकानेच सगळं बघावं. विचार शहाणपणाचा होता. पण आणीबाणी उठून वर्षच झालं होतं आणि नसबंदीचा धसका गेला नव्हता. बाबाराव नागपूरहून ट्रेनिंग घेऊन, नवी खाकी पिशवी खांद्याला लावून आला, आणि सगळे माग गप्प झाले. पुरुषमंडळी मागच्या दाराने पसार!

त्यात शेजारचा मारोतराव सगळ्यांच्या पुढे. सातव्या महिन्याची बायको, पुष्पलता, घरात तापाने फणफणली आहे, हेही त्या शूरवीराला आठवलं नाही. मला अजून त्याचा राग येतो.

त्याची आई गोदूबाई दारात आडवी उभी राहिली. "कोणी नाही घरी."

आतून कण्हणं ऐकू आलं.

"मावशी, सुनेले थंडी वाजून राहिली काय?"

"तू आता तो नाही राहिला गा."

"मी तोच आहो."

"मंग पिशवी काहून बदलली?"

बाबारावचा चेहरा उतरला. त्याने सुई, काच आणि तापाच्या गोळ्या तेवढ्या खिशात घातल्या आणि पिशवी ओट्यावर तिच्या पायाशी ठेवली. "हे तुमच्यापाशी राहू द्या. आत मलेरियावालाच येते."

गोदूबाई बाजूला सरली.

त्याने पुष्पलताचं रक्त घेतलं, गोळ्या दिल्या. मग तिची नखं पाहून तो थबकला. "पोरीच्या अंगात रक्त नाही, मावशी. रक्ताच्या गोळ्या पिशवीत आहेत. उद्या नर्सबाईलेही आणतो. पण तुम्ही म्हणाल तरच."

गोदूबाईची लेक तारा पहिल्याच बाळंतपणात गेली होती. अंगात रक्त नव्हतं, असं डॉक्टर मागून म्हणाले.

"माही ताराही अशीच पांढरी पडली होती," म्हातारी म्हणाली. "तू या दारात चहा पिऊन गेला. तवा काहून नाही बोलला?"

"तवा माह्याकडे तापाचंच काम होतं, मावशी. तिले ताप नव्हता."

गोदूबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पदराने तोंड पुसत ती ओट्यावर गेली आणि पिशवी दोन्ही हातांनी उचलून स्वतःच आत घेऊन आली.

मागच्या दारातून मारोतराव डोकावत होता. पिशवी घरात पाहून तो पुन्हा पळायच्या बेतात होता.

"कुठं पळतं गा?" गोदूबाई ओरडली. "हे पिशवी तुह्यासाठी नाही आली. बस मागावर!"

तो मुकाट्याने बसला. गप्प गल्लीत एकट्या त्याच्या मागाचा आवाज येऊ लागला, आणि थोड्या वेळाने पलीकडच्या घराचं दार उघडलं.